हौसेचा रकाना

सरकारच्या लेखी माणूस छप्पर घालतो ते चारच कारणांनी. राहायला, दुकान मांडायला, कारखाना काढायला, नाहीतर शेतीच्या सोयीला. यातलं एकही कारण नसताना कुणी पत्रे विकत आणत असेल, तर तो एकतर जागा बळकावतोय किंवा पुढच्या निवडणुकीला उभा राहणार आहे, असं आमच्या गावाचंही मत आहे. सरकार आणि गाव यांचं एकमत व्हायचे प्रसंग फार थोडे. त्यातला एक माझ्या वाट्याला आला.

मी परभणी जिल्ह्यातला. नऊ तालुक्यांपैकी तालुका कोणता ते सांगत नाही, कारण त्या तालुक्याच्या कचेऱ्यांत माझे विद्यार्थी बसतात आणि मला अजून तिथं जावं लागतं. सगळी नोकरी शाळेत भूमिती शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर लाकूडकामाचा नाद उफाळून आला. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या, वाकस, दोन-चार कानशी आणि एक लोखंडी व्हाइस ही माझी सगळी इस्टेट स्वयंपाकघराच्या ओट्याखाली होती. एका सकाळी पोह्यांत भुसा निघाला. खोबरं म्हणून मी तो खाल्लाही असता, पण सौभाग्यवतींनी आधी पाहिला. ‘‘अहो, शेतात एक शेड मारा आणि काय कापायचं ते तिकडं कापा,’’ असं त्या म्हणाल्या. या कामात मला विनाअट मिळालेली ही एकमेव परवानगी.

शेत गावाला लागूनच आहे. मनात होतं ते पंधरा बाय पंचवीस फुटांचं शेड: लोखंडी अँगल, वर पत्रे, खाली कोबा, उजेडाला दोन खिडक्या. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पावलांनी जागा मोजली, तंबाखू मळली आणि विचारलं, ‘‘धंदा कशाचा टाकायलात, सर?’’

‘‘धंदा नाही. हौस आहे.’’

मिस्त्रीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘नसंल सांगायचं तर राहू द्या. मी काय कुनाला बोलत नाही.’’

तो कुणालाही बोलला नसावा, कारण संध्याकाळपर्यंत फक्त अर्ध्या गावालाच कळलं होतं. कुणी म्हणालं पोल्ट्री. कुणी म्हणालं बिअर बार, मास्तर शेवटी सुधारले. मोबाइल टॉवरची अफवा सगळ्यांत जास्त टिकली, कारण तिच्यात भाडं होतं. दोघांनी तर येऊन, आमच्या रानातही एक टॉवर बसतो का बघा, असं सांगून ठेवलं. लाकडाचं काम, स्वतःपुरतं, विकायचं नाही, हे खरं कारण मी सगळ्यांना सांगत होतो. त्यावर मात्र कुणाचाच विश्वास बसत नव्हता.

तसं पाहिलं तर कुठं काय बांधावं याचे नियम आपल्याकडं काल आलेले नाहीत. गाव वसतं ती पांढरी आणि पिकतं ती काळी, हा हिशेब मराठी गावांत पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याला कारणही होतं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जावा. तिच्यावर भिंत उभी केली तर दोन वर्षांत भिंतीलाही भेगा. म्हणून घरं पांढरीवर, औत काळीवर. आता कुणी म्हणेल, बघा, जुने लोक किती शहाणे. शहाणे होते खरे, पण गावकुसाबाहेर कुणाची घरं ठेवायची तेही याच शहाण्यांनी ठरवलं होतं. तेव्हा जुन्या नियमांचं कौतुक जरा बेतानंच केलेलं बरं. सुताराला मात्र त्या व्यवस्थेत जागा होती. बलुतेदार म्हणून त्याचं छप्पर गावात असणारच, त्याला कुणी धंदा कशाचा असं विचारत नसे. अडचण अशी की मी सुतार नाही, सेवानिवृत्त आहे. सेवानिवृत्ताला बलुतं नसतं, पेन्शन असते.

मिस्त्रीचं म्हणणं, विचारायचं नाही, बांधायचं. ‘‘सर, विचारलं की अडकलं.’’ पण आयुष्यभर पोरांना, उत्तर आलं तरी रीत दाखवा, असं सांगितलेला माणूस मी. गेलो तलाठ्याकडं. ही गोष्ट तलाठ्याला तलाठीच म्हणत होते त्या दिवसांतली. 2024 साली त्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. टेबल तेच राहिलं.

तलाठी माझा विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘सर, जमीन शेतीची आहे. तिच्यावर दुसरं काही करायचं तर अकृषिक परवानगी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. कलम 44.’’

‘‘मग मिळेल ना?’’

‘‘मिळंल की. प्रयोजन काय लिहू?’’

‘‘हौस.’’

त्यानं पेन खाली ठेवलं. वर्गात प्रमेय सिद्ध करता आलं नाही की तो असाच पेन खाली ठेवायचा. ‘‘सर, निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक. यातलं सांगा.’’

मी त्याला समजावलं की मी तिथं राहणार नाही, काही विकणार नाही आणि कारखाना तर नाहीच नाही. तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही काय करणार नाही ते कळलं. आता काय करणार ते पाहिजे.’’ हे वाक्य मीच त्याला नववीत ऐकवलं असणार.

कलम 44 वाचायला मात्र छान आहे. अर्ज आला की सात दिवसांत पोच द्यायची, नव्वद दिवसांत निर्णय कळवायचा, आणि नाहीच कळवला तर परवानगी मिळाली असं मानायचं. सरकार गप्प बसलं तर त्याचा अर्थ होकार! आमच्या घरातही हा नियम असता तर मी कुठल्या कुठं पोचलो असतो. पण कायदा लिहिणाऱ्याला नव्वदावा दिवस माहीत होता आणि कचेरीला एकोणनव्वदावा. त्या सुमारास एक त्रुटी निघते, अर्ज परत येतो आणि मोजणी पुन्हा एकपासून. शिवाय मानलेल्या परवानगीवर शिक्का नसतो. शिक्का नसलेला कागद घेऊन पुढच्या टेबलावर गेलं की तिथला माणूस कागद उलटा करून मागं काही आहे का ते बघतो.

तलाठ्यानं आपुलकीनं वाटा सुचवल्या. पहिली वाट निवासी. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असेल तर राहण्याच्या कारणासाठी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. कर भरायचा, आकारणी भरायची, झालं. संहितेत 42-ड असं कलमच घातलंय. माझं शेत त्या अंतरात बसत होतं. ‘‘निवासी दाखवा सर. कागदावर राहा, करायचं ते करा.’’

मी घरी येऊन ही आनंदाची बातमी दिली. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘कागदावर कशाला? खरंच राहा तिकडं.’’ त्या वाटेनं जायला मला धीर झाला नाही. त्यातून 200 मीटर कुठून मोजायचे यावर गावात तीन मतं होती. गावठाणाची हद्द जुन्या नकाशावर एका लिंबाजवळ संपत होती आणि तो लिंब आज कुणालाच सापडत नव्हता. 2020 साली केंद्र सरकारनं स्वामित्व योजना आणली, ड्रोन उडवून गावठाणं मोजायला. ड्रोनला घरं दिसतात, पडलेला लिंब त्याला तरी कसा दिसावा?

दुसरी वाट औद्योगिक. यात कायदा खरोखर उदार आहे. 44-अ कलमात खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराची सवलत आहे आणि त्या वापराच्या व्याख्येत हस्तकलाही धरलेली आहे. परवानगी नको, अटीत बसत असाल तर काम सुरू झाल्यावर तीस दिवसांत कळवा. हस्तकला वाचून मी खुर्चीतून उठलोच. पण उद्योग म्हटलं की पुढचे प्रश्न आले. भांडवल किती? पेन्शनमधून उरेल तेवढं. कामगार किती? मी. माल कुणाला? नातवाला. उलाढाल? इथं मात्र मी प्रामाणिकपणे सांगितलं की एक पाट करायला तीन पाटांचं लाकूड जातं. समोरचे बाबू म्हणाले, ‘‘म्हणजे तोट्यातला उद्योग.’’ मी म्हणालो, ‘‘हो, आणि तो वाढवायचा विचार आहे.’’ त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

तरीही कागद गोळा करणं चालूच होतं, कारण वाट कोणतीही धरली तरी कागद तेच लागतात. सातबारा, आठ-अ, फेरफार इथपर्यंत ठीक होतं. मग खासरा पाहणीपत्रक मागितलं. पुण्या-नाशिककडच्या वाचकांना हे नाव कदाचित ऐकूनही माहीत नसेल. आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. 17 सप्टेंबर 1948 ला तो स्वतंत्र भारतात आला, 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात. आजोबा आपल्या वावरातून कुठं हलले नाहीत, पण राज्यं तीन पाहिली. मराठवाड्यात जमिनीची कूळकथा विचारायची झाली की 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक काढतात. ते निघालं. जमीन बरोबर, बांध बरोबर, विहीर बरोबर. आजोबा चुकलेले. खासऱ्यात त्यांचं नाव एका तऱ्हेनं, सातबाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनं. मग दोन्ही नावांचे गृहस्थ एकच होते असं प्रतिज्ञापत्र मी करून दिलं. आजोबा हयात असते तर या गोष्टीला त्यांनी तरी कबुली दिली असती का कोण जाणे, कारण आजीच्या सांगण्याप्रमाणे ते घरात एक आणि बाहेर एक असे दोनच होते.

प्रतिज्ञापत्र म्हटलं की बाँड पेपर. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, 2004 सालापासून. मी हे कचेरीच्या खिडकीवर सांगितलं. खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘‘बरोबर आहे सर, माफ आहे. पण शंभराचा आणा.’’ कायदा माहीत नसलेल्या माणसाशी वाद घालता येतो. कायदा माहीत असून शंभराचा मागणाऱ्याशी काय बोलणार? आणला.

आता ना हरकत दाखले. आमच्या भागाची खास गोष्ट म्हणजे जायकवाडी. पैठणहून निघणारा डावा कालवा 208 किलोमीटर लांबीचा, आणि त्याच्या लाभक्षेत्रात आमच्या जिल्ह्याचा मोठा भाग येतो. शेपटाकडच्या गावांना पाण्याची वाट पाहायची सवय असते. दाखल्याची वाट पाहणं आम्हाला म्हणून जड गेलं नाही. लाभक्षेत्रातली ओलिताची जमीन शेतीतून काढली तर पाटबंधाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून त्यांची हरकत आहे का ते विचारायचं. तत्त्व एकदम रास्त. पंधरा बाय पंचवीस फुटांनी मराठवाड्याच्या सिंचनाला किती धक्का बसतो याचं गणित मी घालून द्यायला तयार होतो, पण रकाना फक्त हो किंवा नाही असा होता.

मग अर्जात ‘लाकूड’ हा शब्द कुणाच्या तरी डोळ्यांत भरला. ‘‘आरागिरणी आहे का?’’ मी म्हणालो, करवत आहे. ‘‘किती एच. पी.ची?’’ मी दंड दाखवला. चेष्टेचा भाग सोडा, पण त्यांचं चुकत नव्हतं. 1996 सालच्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरागिरण्यांवर देशभर कडक नजर आली आणि ते व्हायलाच हवं होतं, जंगलं गिरण्यांच्या पोटातच गेली होती. झाडं तोडण्याचाही 1964 चा राज्याचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं त्याच्या यादीत. स्वतःच्या बांधावरची असली तरी विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. माझ्याकडं होता वठलेला लिंब आणि तुटलेली बाभूळ. ही दोन्ही यादीत नाहीत. परभणीच्या माणसाला बाभूळ मोकळी आहे, हे ऐकून मला जिल्ह्याचा इतिहास थोडक्यात कळल्यासारखं वाटलं.

लाकडानंतर धूर. प्रदूषणाच्या दृष्टीनं उद्योगांचे रंग असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2016 साली लाल, नारिंगी, हिरवा यांच्या जोडीला पांढरा रंग आणला. पांढऱ्यात असलात तर संमती नको, नुसतं कळवलं की झालं. विजेची यंत्रं लावून केलेलं सुतारकाम हिरव्यात. आणि पांढऱ्या यादीत काय, तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे खडू करणं. तो खडू तीस वर्षं माझ्या फुप्फुसांत जात होता. बनवणाऱ्याचा विचार यादीत झालाय, उडवणाऱ्याचा राहिलाय. असो. मी हाताचीच अवजारं वापरणार म्हटल्यावर माझा रंग कोणता, हे ठरवायला कुणी पुढं आलं नाही. आजतागायत मी बेरंग आहे.

विजेचा प्रश्न उरला. लाइनमन बांधावर उभा राहून म्हणाला, ‘‘मीटर कशाचं पाहिजे सर? घरगुती, दुकानाचं, कारखान्याचं का मोटारीचं?’’ पुन्हा तेच चार रकाने! मी म्हणालो, एक बल्ब आणि एक पंखा. तो म्हणाला, ‘‘मग घरून वायर ओढा.’’ आणि लगेच स्वतःच, ‘‘पण ओढू नका, 126 लागंल.’’ वीज कायदा 2003, कलम 126. एका कारणासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कारणाला वापरली तर दुप्पट दरानं आकारणी. सल्ला आणि त्याच्यावरचा दंड एकाच दमात सांगणारा इतका सरळ माणूस मला त्या सगळ्या काळात दुसरा भेटला नाही. मी सौर दिवा आणला.

मध्येच शहरातल्या एका मित्राला फोन केला. परभणी 1 नोव्हेंबर 2011 पासून महानगरपालिका आहे. म्हटलं तिथं तरी काही सुटसुटीत असेल. तो हसायलाच लागला. 2020 च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडावर घर बांधायचं तर नेहमीची परवानगी नको, वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर भागतं. ‘‘माझा प्लॉट एक गुंठा,’’ मित्र म्हणाला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, शंभर चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे झालंच की काम! ‘‘कुठलं झालं? बांधायला अडचण नाही, पण प्लॉटच गुंठेवारीचा.’’ एवढे छोटे तुकडे तुकडेबंदीत बसत नव्हते. तरी शहराशहरांत ते विकले गेले, घरं झाली, नळ आले, मतदारयाद्या आल्या. शेवटी 2001 साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला आणि 2021 साली त्याची तारीख पुढं ढकलून 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे तुकडे पदरात घेतले. मित्र म्हणाला, ‘‘तू घाई करतोस. बांधून ठेव आणि पुढच्या तारखेची वाट बघ.’’

त्या दिवशी बसस्टँडवरून घरी चालत येताना रस्त्याच्या कडेनं पाहत आलो. वेल्डिंगचं दुकान, पिठाची गिरणी, चहाची दोन हॉटेलं, पंक्चर, सलून, देशी दारूचं दुकान सोडून सगळं पत्र्याचं. (दारूच्या दुकानाचे कागद चोख असतात, हे त्याच्याबद्दल मानायलाच हवं.) एकालाही कलम 44 माहीत नव्हतं आणि कलम 44 लाही यांच्यातला एकही माहीत नव्हता. मी मात्र विचारायला गेलो, म्हणून माझं पंधरा बाय पंचवीस आता महसूल, पाटबंधारे, वन आणि वीज अशा चार खात्यांना तोंडपाठ होतं. न बांधलेलं शेड इतक्या ठिकाणी नोंदवलेला गावात मी एकटा. बांधावरचे शेजारी नाना म्हणाले, ‘‘सर, आपल्याकडं म्हनतेत ना, बनी तो बनी, नहीं तो परभनी. तुमी परभनीत राहूनच बनवायला निघाला.’’

शेवटची पायरी ग्रामपंचायत. आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव. राज्यात 2011 पासून निम्म्या जागा महिलांना आहेत आणि तेव्हापासून निम्म्या गावांत सरपंचांचे यजमान फार दमतात. मी गेलो तेव्हाही खुर्चीत यजमान होते. त्यांनी पाऊण तास मला विकास म्हणजे काय ते सांगितलं. सरपंचताई बाजूच्या बाकावर माझी फाइल वाचत होत्या. त्यांचं माहेर पाथरीकडचं. त्यामुळं त्या माझ्याकडं भूमिती शिकलेल्या नव्हत्या आणि डोकं शाबूत होतं.

‘‘सर, शेत तुम्ही करता ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो. सोयाबीन, तूर. गडी आहे, पण बघतो मीच.’’

‘‘मग औत, वखर, तिफण कुठं ठेवता?’’

‘‘नानांच्या गोठ्यात.’’

‘‘आपली औजारं लोकांच्या गोठ्यात आणि शेड कशाला पाहिजे म्हणून कचेऱ्या फिरायलात?’’

यजमान विकासाच्या मध्यावर थांबले. मी तसाच तलाठ्याकडं गेलो. त्यानं संहिता काढली, चाळली आणि वर्गात कधी वाचलं नव्हतं इतक्या मन लावून वाचलं. शेतीच्या जमिनीवर शेतकऱ्यानं शेतीची बांधकामं करायला कायद्याची मुळात आडकाठी नाही. आणि शेतीचं बांधकाम कशाला म्हणायचं तेही लिहिलेलंय. औजारं, खत, वैरण ठेवणं, धान्य साठवणं, जनावरांचा निवारा, कुटुंबाचं किंवा गड्यांचं राहणं, आणि शेतीच्या कामाचाच भाग असलेलं आणखी काही. शहरांच्या आसपास यालाही जादा अटी आहेत, आमचं गाव तेवढं भाग्यवान नव्हतं.

‘‘म्हणजे हे पहिल्याच दिवशी झालं असतं?’’ मी विचारलं.

‘‘सर, तुम्ही हौस म्हणालात,’’ तलाठी म्हणाला. ‘‘औजार म्हणाला असतात तर चहाच्या आत झालं असतं.’’

अर्ज नव्यानं लिहिला. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, फक्त सगळ्या खऱ्या गोष्टी रकान्यात बसतील अशा वाकवल्या होत्या. करवत आणि वाकस: बाभळी छाटण्याची औजारे. रंधा: जू आणि दांड्या गुळगुळीत करणे. गिरमिट: तिफणीला भोके पाडणे. व्हाइसला काय म्हणावं हे सुचेना, तेव्हा तलाठ्यानंच लिहिलं, इतर. नातवासाठी लाकडी घोडा करायचाय, त्याचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘जनावरांचा निवारा चालतो सर.’’

शेड झालं. मिस्त्रीनं काळी माती खणून खाली मुरूम भरला, धुम्मस केला आणि कोबा टाकला. ते काम त्यानं कुणालाही न विचारता केलं आणि सगळ्या प्रकरणात विनातक्रार टिकलेली ती एकच गोष्ट. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली थांबता येत नाही, पण हे कुठल्याही दाखल्यात लिहिलेलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद आहे: पत्र्याचे शेड, शेती औजारे ठेवण्यासाठी. कर दरवर्षी भरतो.

नोंद गावानं वाचली आणि मनावर घेतली. पहिल्याच आठवड्यात नानांनी मोडकं जू आणून टाकलं. मग कुणाच्या कुऱ्हाडीचा दांडा, कुणाच्या खुरप्याची मूठ, एकाची अख्खी बैलगाडी. पैसे घेत नाही, घेतले तर वाणिज्यिक होईल. कायद्याच्या दृष्टीनं मी आता इतका शेतीचा झालोय की हौसेला रात्रीच वेळ मिळतो, सौर दिव्याच्या उजेडात. घोड्याचे तीन पाय झालेत.

परभणीत किंवा दुसरीकडं कुठं तुम्हाला असलं काही काढायचं असेल, तर बाकी काही करा-न करा, अर्ज दिला की त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. देणारा म्हणेल, उद्या या, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. तरी तिथून हलू नका. नव्वद दिवस मोजायला घेतले की पहिला वाद पहिल्या दिवसावरूनच होतो, आणि तो दिवस तुमच्या खिशात लागतो.